प्रमाणपत्राची वाट आणि मुलाची भाषा

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शतकाची वाटचाल पूर्ण करणाऱ्या या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. येथे माझ्याआधी मोठमोठे साहित्यिक आणि विचारवंत बोलून गेले. मी साहित्यिक नाही. उभे आयुष्य मी खानदेशातील एका अध्यापक विद्यालयात भावी शिक्षकांचे पाठ तपासण्यात घालवले. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे सुरतेच्या बमरोली भागात राहावयास आलो. तेव्हा जे मला थोडेफार कळते, त्याच विषयावर, म्हणजे शिक्षक कसा घडतो आणि त्याला शिकवण्याचा अधिकार कोण देतो या विषयावर, चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

बमरोली आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल. पांडेसरा आणि उधन्याच्या शेजारची ही वस्ती. दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट, आणि गल्ल्यांतून खानदेशी, उत्तर भारतीय, ओडिया अशा कुटुंबांची दाटी. आपल्या लोकांना येथे आणले ते लोहमार्गाने. उधन्याहून निघालेली गाडी बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असे करीत जळगावला पोचते. नवापूरच्या स्थानकातून तर दोन राज्यांची सीमाच जाते. फलाटाच्या एका टोकाला माणूस गुजरातेत असतो आणि दुसऱ्या टोकाला महाराष्ट्रात. माणसांनी ती सीमा कधीच ओलांडली. शिक्षकाच्या प्रमाणपत्राला मात्र ती अजून ओलांडता आलेली नाही, आणि तेच आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

सुरत महानगरपालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. देशातील फार थोड्या शहरांना असे सांगता येईल, आणि याबद्दल आपण सुरतेचे कृतज्ञ असले पाहिजे. यामागे राज्यघटनेचे बळही आहे. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी, १९५६ साली, सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम घटनेत आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. त्याही आधी, १९४९ च्या ऑगस्टमध्ये, प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक सोपा हिशेब घालून दिला होता. शाळेत अशी ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असतील, तर त्यांच्या भाषेचा निदान एक शिक्षक नेमावा.

परंतु शिक्षक नेमावा म्हटले, की तो आणावा कोठून, हा प्रश्न उभा राहतो.

पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. १९६० च्या १ मेपर्यंत सुरत आणि जळगाव हे दोन्ही जिल्हे एकाच मुंबई राज्यात, एकाच शिक्षणखात्याखाली होते. व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला तरुण मास्तर होई, पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाऊन ‘ट्रेन्ड’ होई, आणि ट्रेन्ड मास्तराला गावात वेगळाच मान असे. राज्ये वेगळी झाल्यावर गुजरातेत पी.टी.सी. हे नाव राहिले, महाराष्ट्रात डी.एड. रूढ झाले. आता दोहोंचे डी.एल.एड. झाले आहे. नाव पुन्हा एक झाले, पण वाटा दोनच राहिल्या.

शिक्षक प्रशिक्षित असावा, हा आग्रह काही नवा नाही. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्यासाठी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याला नॉर्मल स्कूलमध्ये धडे घेतले होते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, आणि त्यांचे वेतन दरमहा १२ रुपयांहून कमी नसावे, मोठ्या गावी ते १५ ते २० रुपये असावे, असे स्पष्ट मागितले. पात्रता आणि पगार या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपण पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी अनेकदा विसरलो.

आजची व्यवस्था थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला १९९३ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला आणि १९९५ पासून ती काम करू लागली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांची किमान अर्हता ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे आला. २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने तिने जाहीर केले, की पहिली ते आठवीच्या शिक्षकाला अध्यापनाच्या पदविकेबरोबर वा पदवीबरोबर शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागेल. हीच ती टीईटी. पहिली ते पाचवीसाठी एक प्रश्नपत्रिका, सहावी ते आठवीसाठी दुसरी. प्रत्येकीत दीडशे प्रश्न, दीडशे गुण, उत्तीर्ण होण्यास साठ टक्के. आधी या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षे होती. २०२१ साली ते आजीवन ग्राह्य ठरले. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची अर्हता नव्हे. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे, हे त्या निर्णयाने मान्य झाले, आणि आम्हा पदविकावाल्यांना फार वर्षांनी बरे वाटले. पुढे १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने सेवेत असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्याचे बंधन आले. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना सेवेत राहण्यापुरती सूट मिळाली, बढतीसाठी नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तर २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच किमान अर्हता व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

या साऱ्याला माझा विरोध नाही. उलट, ज्याने अप्रशिक्षित माणसाच्या हाती पहिलीचा वर्ग पाहिला आहे, तो परीक्षेला विरोध करणार नाही. परीक्षेच्या नावाखाली काय होऊ शकते, हेही आपण पाहिले. महाराष्ट्राच्या टीईटीतील गैरव्यवहार उघडकीस आल्यावर २०२२ साली हजारो उमेदवारांवर कारवाई झाली. तेव्हा परीक्षा हवी, आणि ती स्वच्छ हवी.

आता बमरोलीकडे येऊ. आमच्या गल्लीत एक मुलगी आहे. वडील मागावर कामाला, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावते. मुलगी आठवीपर्यंत मराठी शाळेत शिकली. मास्तरीण व्हायचे हे तिने लहानपणीच ठरवले होते. मराठीतून अध्यापनाची पदविका घ्यायची, म्हणून अमळनेरला मावशीकडे राहिली. दोन वर्षे अभ्यास केला, महाराष्ट्राची टीईटी उत्तीर्ण झाली आणि आनंदाने परत आली. पण प्रत्येक राज्य आपली टीईटी स्वतंत्र घेते, प्रश्न त्या राज्याच्या विहित अभ्यासक्रमावर असतात, आणि भरतीचे नियम ते ते राज्य ठरवते. तिकडचे प्रमाणपत्र इकडे चालेल, असे तिला गृहीत धरता येत नाही. गुजरातेत प्राथमिक शिक्षकांच्या भरतीत गुजरातीखेरीज ‘अन्य माध्यम’ असा स्वतंत्र विभाग असतो, म्हणजे जागेचे दार आहे. पण त्या दारापर्यंत जाण्यासाठी तिला पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावे लागते. दरम्यान ती आईबरोबर टिकल्या लावते, आणि संध्याकाळी ओट्यावर गल्लीतील मुलांना शिकवते.

त्या ओट्यावर मी जे पाहिले, ते आपल्याला सांगितले पाहिजे. त्याआधी माझी एक चूक कबूल करतो. फार वर्षांपूर्वी एका छात्राध्यापकाच्या सराव पाठाचे निरीक्षण करीत मी वर्गाच्या मागे बसलो होतो. एक मुलगा उठून म्हणाला, ‘मी शाळामा जास.’ शुद्ध अहिराणी. छात्राध्यापकाने त्याला न टोकता पुढचा प्रश्न विचारला. मी पाठाच्या वहीत लाल शाईने शेरा लिहिला, ‘अशुद्ध भाषा दुरुस्त केली नाही’, आणि गुण कापले. मी प्रशिक्षित होतो, प्रमाणपत्रधारक होतो, आणि माझे चुकले होते.

बमरोलीच्या ओट्यावर अगदी तेच वाक्य मी पुन्हा ऐकले. त्या मुलीने फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहिले : घरचे ‘शाळामा’, पुस्तकातले ‘शाळेत’, आणि गुजराती ‘शाळामां’. मग मुलांना म्हणाली, “बघा, तुमची आजी जसं बोलते तसंच बाजारातला शेठ बोलतो. पुस्तक जरा निराळं बोलतं. तिन्ही शिका.” मुले हसली, आणि ‘घरात’, ‘शेतात’, ‘गावात’ असे एकेक शब्द आपणहून फिरवून पाहू लागली. ज्या प्रत्ययाला मी अशुद्ध म्हटले होते, त्याचा तिने दोन भाषांमधला पूल केला. हे तिला कोणत्या पुस्तकाने शिकवले? ती स्वतः त्याच घरांतून आलेली आहे, त्यामुळे तिला मुलाच्या तोंडचा शब्द परका वाटला नाही. आणि मिळालेल्या प्रशिक्षणाने त्या जाणिवेला पद्धत दिली. शिक्षकात या दोन्ही गोष्टी लागतात.

हे मुद्दाम सांगतो, कारण टीईटीच्या रचनेतच ही दृष्टी आहे. तिच्यातील पहिली भाषा ही शिकवण्याच्या माध्यमातील प्रभुत्व तपासण्यासाठी ठेवलेली आहे. मराठी वर्गावर जाणाऱ्या शिक्षकाचे मराठी तपासले जावे, ओडिया वर्गावर जाणाऱ्याचे ओडिया, हा तिचा सरळ अर्थ. केंद्रीय परीक्षेत वीस भाषांमधून भाषा निवडता येते, त्यांत मराठी आहे. पण गणित आणि बालमानसशास्त्राचे प्रश्न तेथे हिंदी वा इंग्रजीतून वाचावे लागतात. मराठीतून शिकलेल्या आणि मराठीतूनच शिकवणाऱ्या उमेदवाराची ही अडचण नियम करणाऱ्यांच्या ध्यानी यावयास हवी.

माझे म्हणणे एकांगी होऊ नये, म्हणून हेही सांगतो. गुजरातेतील मराठी शिक्षकाला उत्तम गुजराती आलेच पाहिजे. २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकवणे सर्व शाळांना बंधनकारक झाले, आणि ज्या मातीत आपली मुले वाढतात तिची भाषा त्यांना यावी यात गैर काहीच नाही. ताराबाई मोडक आठवा. ही मराठी बाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम शिकली. १९२६ साली त्या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, तिने आदिवासी मुलांसाठी बालवाडी उभी केली. मुले येत नाहीत, तर बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. मराठी बालशिक्षणाचा एक मोठा झरा गुजरातेत उगम पावला आहे. तेव्हा सीमेवरून ज्ञान नेता येत होते. आज प्रमाणपत्र का नेता येऊ नये?

मला सुचतात ते उपाय साधे आहेत. दोन्ही राज्यांनी बसून ठरवावे, की अन्य माध्यमाच्या जागांपुरती एकमेकांची पात्रता परीक्षा ग्राह्य धरावी, आणि उमेदवाराकडून स्थानिक भाषेची वेगळी परीक्षा घ्यावी. दुसरे, त्या एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांना दोन विद्यापीठे आहेत. सुरतेला वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता असते. तिच्यातील काही आठवडे जळगावच्या छात्रांनी उधना-बमरोलीच्या मराठी वर्गांत घालवले, आणि सुरतेच्या छात्रांनी नंदुरबारकडच्या गुजराती वर्गांत, तर दोन्हीकडचे शिक्षक समृद्ध होतील. यासाठी लागतो तो एक करार आणि थोडी इच्छा.

तिसरा उपाय आपल्या हातातला आहे. सरकारे ठरवतील तेव्हा ठरवतील, पण ग्रंथालयाला कोणाची परवानगी लागत नाही. एक कपाट अध्यापनशास्त्राचे ठेवा. त्यात दोन्ही राज्यांची पाठ्यपुस्तके असू द्या, बालमानसशास्त्राची मराठी पुस्तके असू द्या, एखादा अहिराणी शब्दकोश असू द्या. पात्रता परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना अनामत रक्कम न घेता सभासद करा, आणि संध्याकाळी अभ्यासाला एक टेबल व एक दिवा द्या. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे ग्रंथालय काढले, त्यांनी परमुलखात मराठी वाचक राहावेत म्हणून ते काढले असेल. वाचक राहायचे तर आधी त्यांना कोणी तरी वाचायला शिकवले पाहिजे. ते शिकवणारे आज आपल्या दारात उभे आहेत.

येथे येताना मी त्या मुलीला बरोबर आणले आहे. ती मागच्या रांगेत बसली आहे. तिने मला बजावून सांगितले, की माझे नाव घेऊ नका. तिचे नाव मी घेत नाही. पण भाषण संपल्यावर ग्रंथपालांनी तिचे नाव सभासदांच्या नोंदवहीत लिहून घ्यावे, एवढी विनंती करतो. पहिल्या वर्षाची वर्गणी मी भरीन.