अंगठा कोणाचा?



‘तोतया मालक आणि फौजदारी अपील’ हा विषय वकिलांच्या खोलीतला वाटेल. पण ज्याची गावाकडे चार गुंठे जमीन आहे आणि जो स्वतः ठाण्यात, दुबईत किंवा न्यू जर्सीत राहतो, त्याच्यासाठी तो घरचाच आहे. सातबारा आज कोणालाही मोबाइलवर दिसतो. त्यावर मालकाचे नाव असते, क्षेत्र असते, बोजाही असतो. मालकाचा चेहरा मात्र नसतो, आणि तोतयाचा धंदा तेवढ्यावरच चालतो.

पद्धत ठरलेली आहे. दूर राहणारा, म्हातारा किंवा वारस न लागलेला मालक हेरायचा. त्याच्या वयाचा माणूस उभा करायचा. मालकाचे नाव आणि तोतयाचा फोटो असलेले आधार, पॅन तयार करायचे. दोन ओळखदार आणायचे आणि खरेदीखत नोंदवायचे. फेरफार पडला की जमीन लगेच तिसऱ्याला विकायची, म्हणजे खऱ्या मालकासमोर पैसे मोजून बसलेला आणखी एक माणूस उभा राहतो.

‘सब-रजिस्ट्रार काय करत होता?’ हा प्रश्न प्रत्येक पक्षकार विचारतो. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे लिहून देणाराची ओळख पटवणे हे त्याचे काम आहे. त्याची मालकी तपासणे हे त्याचे काम नाही. तामिळनाडूच्या एका नियमासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये हेच पुन्हा सांगितले. म्हणजे कायद्याने त्याच्यावर ओळखीचीच जबाबदारी टाकली आणि तोतया नेमकी तीच बनावट करून आणतो. मात्र 2001 च्या दुरुस्तीने कलम 32-अ आले आणि दस्तावर फोटो व बोटांचे ठसे घेणे बंधनकारक झाले. कागद खोटे असले तरी ठसा तोतयाचा स्वतःचाच असतो. पुढचा सगळा खटला या ठशाभोवती फिरतो.

आता कायद्यातला एक बारीक, पण निर्णायक फरक पाहू. एक माणूस स्वतःच्या खऱ्या नावाने सही करतो आणि दुसऱ्याची जमीन ‘माझीच’ म्हणून विकतो. दुसरा माणूस मालकाचे नाव घेऊन सही करतो. सामान्य माणसाला दोघेही सारखेच लबाड. पण बिहारमधून आलेल्या एका प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने या दोघांना वेगळे केले. पहिल्याने मालकीबद्दल खोटे सांगितले, पण दस्त ज्याच्या नावाचा आहे त्यानेच तो केला. म्हणून भारतीय दंड संहितेच्या कलम 464 च्या अर्थाने तो ‘खोटा दस्त’ नव्हे, आणि कलम 467 ची बनावटगिरी टिकत नाही. फसवणुकीची तक्रार राहते, पण ती मुख्यतः पैसे गमावलेल्या खरेदीदाराची. दुसरा माणूस मात्र बनावटगिरीत सरळ सापडतो, आणि कलम 467 ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

2018 चा तामिळनाडूतला निकाल याच्या पुढे जातो. मालकिणीच्या नावाने तोतया उभा करून मुखत्यारपत्र केल्याचा आरोप होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी धरले, उच्च न्यायालयाने सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. मुखत्यारपत्राचा फायदा आरोपीला होता, पण ते तयार करणारा तोच, हे सिद्ध झाले नव्हते. ज्याने दस्त केला त्यालाच बनावटगिरीसाठी शिक्षा, हा अर्थ न्यायालयाने घट्ट धरला आणि तपास ढिसाळ झाल्याबद्दल नाराजीही नोंदवली. म्हणून तोतयाला उभे करणारा पडद्यामागचा माणूस धरायचा असेल, तर कटाचे कलम आणि कटाचा पुरावा आरंभापासून लागतो.

आता अपिलाचा जिना चढू. ही कलमे बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतात. कलमात जन्मठेप लिहिलेली असली, तरी त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. दोषी ठरलेला आरोपी सत्र न्यायालयात अपील करतो आणि शिक्षेला स्थगिती मागतो. तिथे सगळा पुरावा नव्याने तपासला जातो. त्यानंतर उच्च न्यायालयात रिव्हिजन. तिथे साक्षीपुरावा पुन्हा तोलत नाहीत, कायद्याची ढोबळ चूक पाहतात. म्हणजे सत्र न्यायालयातले अपील हेच खरे रणांगण.

तिथे बचावाचे प्रश्न साधे असतात. दस्तावरचा ठसा तज्ज्ञाकडे पाठवला होता का? आरोपीचे नमुना ठसे कायदेशीर रीतीने घेतले होते का? ओळखदारांचे जबाब झाले का? नोंदणी कार्यालयातला मूळ कागद कोर्टात आला, की झेरॉक्सवरच भागवले? नमुना ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हे मुंबई राज्य पक्षकार असलेल्या खटल्यात 11 न्यायाधीशांनी 1961 सालीच ठरवून टाकले आहे. तरी ठसा न पाठवता नुसत्या हस्ताक्षरतज्ज्ञाच्या मतावर उभे राहिलेले खटले अपिलात कोसळताना मी पाहिले आहेत.

आरोपी सुटला तर? 2009 च्या दुरुस्तीने पीडितालाही अपिलाचा हक्क दिला, आणि त्यासाठी न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही, हे 2018 मध्ये स्पष्ट झाले. मात्र एकदा निर्दोष ठरलेल्याच्या बाजूचे गृहीतक सुटकेच्या निकालाने दुणावते. दोन अर्थ शक्य असतील, तर वरचे न्यायालय सहसा हात घालत नाही. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण त्याआधीचे गुन्हे जुन्याच कलमांखाली चालतील.

गोव्याने हा प्रश्न वेगळ्या रूपात पाहिला. परदेशी गेलेल्या किंवा वारलेल्या मालकांच्या जमिनी बनावट कागदांवर लाटल्या जात होत्या आणि पोर्तुगीजकालीन दस्तांचाही त्यासाठी आधार घेतला जात होता. जून 2022 मध्ये सरकारने विशेष तपास पथक नेमले, पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसला. जिथे विकणाराने स्वतःच्याच नावाने सही केली, तिथे बनावटगिरी मागच्या वारसाच्या किंवा जुन्या हक्काच्या कागदात शोधावी लागते. 2009 चा निकाल तपासाला तिथे वळवतो.

शेवटचा गैरसमज. ‘त्याला शिक्षा झाली म्हणजे जमीन माझी झाली’ असे मालक मानतो. फौजदारी कोर्ट माणसाला शिक्षा देते, फार तर भरपाई देते. खरेदीखत रद्द ठरवण्याचे काम दिवाणी कोर्टाचे. दस्त रद्द करून मागण्याची मुदत साधारणपणे माहिती झाल्यापासून तीन वर्षे. फौजदारी खटला अपिलासह दहा वर्षे चालेल आणि तोवर दिवाणी दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला जाईल.

म्हणून माझा सल्ला अगदी व्यवहारी आहे. दूर राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा सातबारा, फेरफार आणि सूची क्रमांक दोन पाहावी. गडबड दिसली तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या आणि तीत मूळ दस्त, फोटो, ठसे व ओळखदार यांचा स्पष्ट उल्लेख करून जप्तीची मागणी करा. दिवाणी दावा सोबतच लावा, लिस पेंडन्सची, म्हणजे जमीन दाव्यात असल्याची नोटीस नोंदवा, फेरफाराला हरकत घ्या. अपिलात वकील कितीही नामांकित असला, तरी तपासात न घेतलेला ठसा त्याला उभा करता येत नाही.