जुन्या लॅपटॉपला तार जोडताना



गुरुकुंज मोझरीच्या शिबिरात बोलायचं आमंत्रण आलं. विषय काय, असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘जुन्या लॅपटॉपला लॅन कार्ड बसवणे.’ फोनवर जरा शांतताच पसरली. आपल्या शिबिरांत तलाक, संविधान, शिक्षण असे विषय असतात. हा त्यात कुठं बसतो, ते सांगते.

अमरावतीत आमच्या मोहल्ल्यात दोन खोल्यांची अभ्यासिका आहे. दुपारी चार ते सात मुलींची वेळ. एका ऑफिसातून निघालेले पाच जुने लॅपटॉप आम्हाला मिळाले. राउटर पुढच्या खोलीत, मुली मागच्या खोलीत, मध्ये जुन्या बांधणीची जाड भिंत. गेल्या वर्षी एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरत होती. शेवटचा दिवस. उत्पन्नाचा दाखला अपलोड केला की नेट तुटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून लॉगिन. तीनदा असं झालं. रात्री बारा वाजले, फॉर्म राहिला. अब्बा म्हणाले, ‘राहू दे, पुढच्या वर्षी पाहू.’ आपल्यापैकी ज्यांना बहिणी आहेत त्यांना ठाऊक आहे, मुलीच्या शिक्षणात ‘पुढचं वर्ष’ किती वेळा उजाडतं ते. फी तिच्या मामूंनी भरली म्हणून ती कॉलेजात टिकली.

दोन दिवस मी सरकारी वेबसाइटला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पिंग लावून पाहिलं. आपल्याकडे बहुतेक जण पिंग करताना बाहेरच्या साइटला करतात. मी आधी आमच्याच राउटरला केलं, १९२.१६८.१.१ ला. दहातली तीन उत्तरं येतच नव्हती. म्हणजे बिघाड मुंबईत नाही, दिल्लीत नाही, आमच्या भिंतीत होता. हे कळायला एक मुलगी अडकावी लागली, याची मला अजून लाज वाटते.

त्या लॅपटॉपांचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आमच्या गल्लीत घरटी राउटर. सगळे एकदम बोलतात, मग कोणाचंच नीट ऐकू येत नाही. म्हणून ठरलं, तार ओढायची.

तीन लॅपटॉपांचं लॅनचं तोंड चालू होतं. त्यांना केबल लावली, संपलं. चौथ्याचं तोंड मेलेलं, पण यूएसबी ठीक. त्याला यूएसबीचं लॅन अडॅप्टर घेतलं. दुकानात सांगतात, गिगाबिटचंच घ्या. जुन्या लॅपटॉपचं यूएसबी २.० असतं, त्याची कागदावरचीच मर्यादा ४८० मेगाबिट. आणि आमचं कनेक्शन १०० चं. मग १०० चं स्वस्त अडॅप्टर पुरतं. पैसे उरले त्यात केबल आली.

पाचवा लॅपटॉप हट्टी. त्याच्या दोन यूएसबींपैकी एक खराब, दुसऱ्यात माऊस, कारण टचपॅडही गेलेलं. बाजूला मात्र एक खाच होती. मी ती पाहिली आणि नागपूरहून कार्ड मागवलं. आलं तर खाचेच्या तोंडातच शिरेना. एक मुलगी फूटपट्टी घेऊन आली, खाच मोजली आणि म्हणाली, ‘आपा, खाच साडेतीन सेंटीमीटरची पण नाही, कार्ड पाच सेंटीमीटरच्या वर आहे.’ माझी घाई. जुन्या लॅपटॉपांत दोन जातींच्या खाचा येतात. आधीची पीसी कार्डची, म्हणजे कार्डबसवाली, ५४ मिलिमीटर रुंद. नंतरची एक्स्प्रेसकार्डची. एक्स्प्रेसकार्ड ३४ आणि ५४ अशा दोन्ही रुंदीचं मिळतं, पण ५४ वाल्याचंही जोडणीचं टोक ३४ चंच असतं. एकीचं कार्ड दुसरीत चालत नाही; आतली जोडणीच वेगळी. तेव्हा मागवण्याआधी मोजा, आणि लॅपटॉपचा मॉडेल नंबर टाकून खाच कोणती ते वाचा. मी मोजलं नाही, म्हणून पैसे गेले.

दुसरं कार्ड बरोबर आलं. आम्ही लिनक्स टाकलेलं, त्यामुळे कार्ड बसवून चालू करताच ओळखलं गेलं. विंडोज असेल तर ड्रायव्हर आधीच दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट, या फेऱ्यात माणूस अर्धा दिवस घालवतो. आणखी एक: कार्डाचं तोंड लॅपटॉपबाहेर डोकावतं. केबलला पाय अडकला तर खाचच तुटेल. आम्ही केबल टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधली आहे.

केबलीची टोकं मुलींनीच बसवली. कोणी म्हणालं, हे पोरांना सांगा. तोवर एकीनं क्रिम्पर हातात घेतला होता. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हा क्रम आता त्यांना पाढ्यासारखा पाठ आहे. एका केबलीत निळ्याचा स्पर्श नीट झाला नव्हता. तरी ती चालली, कारण १०० च्या वेगाला नारिंगी आणि हिरवी एवढ्या दोनच जोड्या लागतात. गिगाबिटला चारही लागतात. ती केबल आम्ही तशीच ठेवली.

१९३५ साली तुकडोजी महाराजांनी हा आश्रम उभारला. त्यांच्या ग्रामगीतेचा भर गावानं आपलं काम आपल्या हातानं करण्यावर आहे. माझ्या डोक्यात मोझरी म्हटलं की तेच येतं, म्हणून आज क्रिम्पर सोबत आणला आहे. आपल्या चळवळीनं निवेदनं दिली, मोर्चे काढले, ते हवेतच. पण आज हक्काचा कागद फॉर्ममधून येतो, आणि तो फॉर्म रात्री बाराला बंद होतो.

त्या मुलीनं यंदाचा फॉर्म पाचव्या लॅपटॉपवर भरला, शेवटच्या तारखेच्या नऊ दिवस आधी. एका बैठकीत. मंजुरी अजून यायची आहे.

जेवणानंतर मागच्या ओसरीत दोन केबली बनवू, ज्यांना शिकायचं त्यांनी या. आणि ते चुकीचं कार्डबसचं कार्ड माझ्या पिशवीतच आहे. कोणाच्या लॅपटॉपला ५४ ची जुनी खाच असेल तर मोजून या आणि घेऊन जा.