वाटेवरचा मुक्काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. बोलण्याची सवय नाही, तेव्हा चुकले-माकले पदरात घ्यावे. सप्तशृंगीच्या गडावर पायी जाऊन आले, तेव्हापासून एक गोष्ट मनात आहे. तेवढी सांगते.

चैत्रात आपल्या खानदेशातून हजारो माणसे गडावर पायी जातात. धुळे, झोडगे, मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी अशी आमची वाट होती. बरोबर सासूबाई आणि शेजारच्या तिघी. लॉजला द्यायला पैसे कुठले? सगळ्या रात्री फुकटच्या जागेत काढल्या.

त्यातून जे शिकले ते असे. चैत्रात पारा ४० च्या वर जातो, म्हणून उजाडण्याआधी निघावे आणि ऊन चढले की सावली धरावी. मुक्कामाची जागा दिवस मावळण्याआधी मागावी. अंधारात दार वाजले तर घरातली बाई घाबरते. उजेडी विचारले तर तीच पाण्याची कळशी पुढे करते. देवळाचा सभामंडप सगळ्यांत बरा, कारण तिथे दिवा असतो आणि माणसांची जाग असते. हमरस्त्याच्या कडेला निजू नये. गिरणेच्या कोरड्या वाळूतही पथारी टाकू नये. वर चणकापूर धरणातून आवर्तन सुटले की पाणी येते. गवताच्या गंजीजवळ विंचूकाट्याचे भय असते. आणि बायकांनी आधी विचारावे ते शौचाची सोय कुठे आहे, हे. यात लाज कसली?

एका गावी शाळेच्या ओट्यावर टेकलो. तिथले गृहस्थ म्हणाले, "येथे नाही. मागल्या वर्षीच्या लोकांची घाण आम्ही दोन दिवस काढत होतो." सासूबाईंच्या पायांना फोड आले होते. मला फार राग आला. पण कोपऱ्यात पाहिले, तर प्लॅस्टिकचे पेले अजून पडलेले! मग बोलायला तोंड उरले नाही.

तसेच पुढे निघालो. एका मळ्यात कांदाकाढणी चालली होती. मळ्यातली बाई म्हणाली, "ये वं माय, बस." तिने खळ्यावर जागा दिली, भाकर दिली. पहाटे निघण्यापूर्वी सासूबाईंनी ते सगळे खळे झाडून काढले. मी म्हटले, "उशीर होतो आहे." त्या म्हणाल्या, "अगं, हेच भाडे. आपण नाही दिले, तर मागून येणारीला जागा मिळायची नाही."

भगिनींनो, आपले सोनगीर आग्रा रस्त्यावरचे गाव. शिरपूरकडून गडावर जाणारे लोक चैत्रात आपल्या दारावरूनच जातात. आपल्या गावच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचे नाव सगळीकडे आहे. पण वाटसरू बाईला त्यातला एक तांब्याभर पाणी आणि रात्री टेकायला ओटा आपण देतो का? माझी विनंती एवढीच, की येत्या चैत्रात मंडळाची ओसरी पायी जाणाऱ्या बायकांसाठी रात्री उघडी ठेवावी. दिवा, पाणी, शौचाची सोय आणि दाराशी एक केरसुणी, एवढे पुरे. पहिल्या रात्रीच्या सोबतीला मी येईन.