सर्व्हर का उठत नाही?



विषय वरवर पाहता संगणकवाल्यांचा आहे. पण समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरातलं कुणीतरी हिंजवडीला नाहीतर खराडीला जातं, आणि ‘सर्व्हर उठत नाहीये’ हे वाक्य तुम्ही जेवताना फोनवर ऐकलेलं असणार. तो का उठत नाही आणि अशा वेळी नेमकं काय शोधायचं, एवढंच आज बोलू. उदाहरण जावा या संगणकभाषेचं घेतो. बँका, विमा कंपन्या, सरकारी पोर्टलं यांचा बराच कारभार अजून तिच्यावर चालतो.

जावातला वेब प्रोग्राम बहुतांशी दुसऱ्यांनी लिहिलेला असतो. आपला कोड थोडा, बाकी सगळ्या आयत्या लायब्रऱ्या, म्हणजे ‘जार’ फाइली. कोणत्या हव्यात ते पॉम फाइलीत लिहायचं, मेव्हन हा मदतनीस प्रोग्राम त्या इंटरनेटवरून आणतो. त्या लायब्रऱ्यांना आणखी काही लागतात, त्याही आणतो. दहा नावं लिहावीत आणि शंभर जार याव्यात, यात नवल काही नाही.

आता हे सुटे भाग जोडणार कोण? रॉड जॉन्सन यांनी २००२ साली एक पुस्तक लिहिलं, त्यातल्या कोडमधून स्प्रिंग फ्रेमवर्क उभं राहिलं. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ ची. लग्नाचा आचारी किराणा स्वतः भरत नाही, यजमान आणून देतो. तसं स्प्रिंगमध्ये प्रत्येक भागाने ‘मला हे लागेल’ एवढं सांगायचं, आणून देणं कंटेनरचं काम. या भागांना ‘बीन’ म्हणतात. बहुतेक सगळे बीन अॅप्लिकेशन सुरू होतानाच तयार होतात. म्हणून एक अडला की सगळंच अडतं.

समजा, एका पतसंस्थेचं अॅप्लिकेशन आहे. कर्जाच्या कंट्रोलरला सर्व्हिस लागते, सर्व्हिसला रिपॉझिटरी, तिला डेटाबेसची जोडणी, आणि त्या जोडणीचा पत्ता कॉन्फिगरेशनमध्ये लिहायचाच राहून गेला. पडद्यावर पहिलं काय दिसतं? ‘कंट्रोलर बनवता आला नाही, अनसॅटिस्फाइड डिपेंडन्सी.’ नवा इंजिनिअर कंट्रोलर उघडून तासभर बघत बसतो. त्या बिचाऱ्या कंट्रोलरचा काहीही दोष नसतो. चुकीसोबत जावा जी लांबलचक यादी छापते, तीत ‘कॉज्ड बाय’ असे शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि सगळ्यात खालचा ‘कॉज्ड बाय’ हे बहुतेक वेळा मूळ कारण असतं. यादी खालून वर वाचायची. मधे तीन टिंबं देऊन ‘३७ मोअर’ असं काहीतरी दिसतं. त्यात काही दडवलेलं नसतं, वर छापलेल्याच ओळी पुन्हा छापल्या नाहीत एवढंच.

असे प्रोग्राम चालवणाऱ्या टॉमकॅट या सर्व्हरवर कधी याहून वाईट प्रकार होतो. ‘एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत’ एवढं सांगून तो गप्प बसतो. तपशील पुष्कळदा शेजारच्या ‘लोकलहोस्ट’ नावाने सुरू होणाऱ्या लॉग फाइलीत असतो. तिथे न बघता गूगल करणारे किती असतील!

तीन तक्रारी सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, पण त्यांचं दुखणं वेगळं. ‘क्लास नॉट फाउंड’ म्हणजे नाव सांगून शोधलं, ते कुठेच मिळालं नाही. ‘नो क्लास डेफ फाउंड’ म्हणजे कोड कंपाइल होताना तो क्लास होता, आत्ता नाही; किंवा तो आहे, पण सुरू होतानाच एकदा पडला, आणि मग खरी चूक लॉगमध्ये बरीच आधी सापडते. तिसरी ‘नो सच मेथड’. क्लास सापडला, पण व्हर्जन भलतंच.

ही तिसरी सगळ्यात लबाड. दोन लायब्रऱ्यांनी तिसरीची वेगवेगळी व्हर्जनं मागितली, तर मेव्हन झाडात जे सगळ्यात जवळ असेल ते घेतो. अंतर सारखं असेल तर पॉममध्ये आधी लिहिलेलं. नवं की जुनं, हे तो बघतच नाही. मेव्हनचंच काम करणारा ग्रेडल सहसा मोठं व्हर्जन उचलतो. त्यामुळे पॉममधल्या दोन ओळींची अदलाबदल करूनही सर्व्हर बंद पडू शकतो, आणि कंपायलरला त्याचा पत्ता नसतो. अशा वेळी मेव्हनला ‘डिपेंडन्सी ट्री’ छापायला सांगावं. ‘व्हर्बोझ’ पर्याय दिला, तर संघर्षात कोण गळलं तेही तो दाखवतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड उघडं पडलं, तेव्हा आपल्याकडे ती लायब्ररी आहे की नाही हेच अनेकांना अशी झाडं छापून शोधावं लागलं.

आता मला सगळ्यात रंजक वाटणारं प्रकरण. २०१७ मध्ये ओरॅकलने जावाची एंटरप्राइझ आवृत्ती एक्लिप्स फाउंडेशनकडे देण्याचं ठरवलं, पण ‘जावा’ हा ट्रेडमार्क स्वतःकडे ठेवला. ‘जावाएक्स’ने सुरू होणाऱ्या पॅकेजांमध्ये बदल करण्याच्या हक्कावर बोलणी फिसकटली. म्हणून २०२० मध्ये त्या पॅकेजांची नावंच ‘जकार्ता’ झाली. टॉमकॅट ९ जुनी नावं ओळखतो, १० नवी. स्प्रिंगवर उभारलेल्या स्प्रिंग बूटची ३ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, नव्या नावांसह आणि किमान जावा १७ ची अट घालून. वकिलांच्या टेबलावरचा तंटा असा प्रोग्रामरच्या पडद्यावर आला.

जुनं अॅप्लिकेशन टॉमकॅट १० वर टाकलं तर कधी चूकच दिसत नाही. टॉमकॅट मजेत सुरू होतो, अॅप्लिकेशनचा इनिशिअलायझर त्याला ओळखूच येत नाही, आणि ब्राउझरमध्ये ४०४. कुणी घाईने जुनी सर्व्हलेट जार लायब्ररीच्या फोल्डरमध्ये टाकतं. मग ‘क्लास सापडत नाही’ ही तक्रार मिटते, आणि ‘हा क्लास जकार्ताच्या सर्व्हलेटमध्ये बदलता येत नाही’ अशी नवी उभी राहते. आजार तोच, लक्षण बदललं. एकतर टॉमकॅट ९ वर राहा, नाहीतर कोड बदला; तोवर ‘वेबॅप्स-जावाईई’ फोल्डरमध्ये अॅप्लिकेशनची वॉर फाइल ठेवली तर टॉमकॅट १० ती स्वतः रूपांतरित करून घेतो.

वर्तुळाकार अवलंबनाबद्दल एकच सांगतो: अ ला ब हवा, ब ला अ हवा, हे स्प्रिंग बूट २.६ पासून मुळात नामंजूर आहे. परवानगीचं बटण आहे, पण ते दाबण्याआधी त्या दोन क्लासमध्ये कामाची वाटणी नीट झाली आहे का ते बघा. माझ्या मते बहुतेकदा झालेली नसते.

आणि व्हर्जनं हाताने लिहिण्याची हौस सोडा. स्प्रिंग बूट एकमेकांशी जुळणाऱ्या व्हर्जनांची यादी स्वतःच पुरवतं. आपण मधेच एक आकडा घुसवला की जुळणी आपल्या गळ्यात. मेव्हनच्या एन्फोर्सर या प्लगइनमध्ये एक नियम आहे, एकाच लायब्ररीची दोन व्हर्जनं मागितलेली दिसली की तो बिल्डच थांबवतो. नव्या प्रकल्पात तो पहिल्या दिवसापासून लावा. जुन्या प्रकल्पात लावलात, तर पहिल्या बिल्डला जी यादी बाहेर पडेल ती बघून घाबरू नका. वरचे दोन-तीन संघर्ष मिटवले की खालचे बरेच आपोआप गळतात.