स्वरपत्राचा माथा आणि पायथा

पाश्चात्य स्वरलिपींत छापलेलें एखादें पान हातीं आलें, म्हणजे आपली दृष्टि प्रथम पांच रेघांवरील काळ्या टिंबांकडे जाते. त्या टिंबांच्या वर, मधोमध, ठळक अक्षरांत कृतीचें नांव असतें. उजव्या हातास संगीतकाराचें व डाव्या हातास कवीचें नांव असतें. आणि अगदीं तळाशीं, बारीक टाइपांत, प्रकाशकाची ओळ असते. या ओळी वाजवावयाच्या नसतात, म्हणून वादक त्या क्वचितच वाचतो. परंतु पान जुडग्यांतून एकदां सुटलें, कीं तें कोणाचें व कशांतलें हें सांगावयास याच ओळी उरतात. आज संगणकावर स्वरलिपि मांडणाऱ्यांनीं या ओळींची काळजी कशी व कां घ्यावी, याविषयीं कांहीं सांगण्याचा आजचा विचार आहे.

पूर्वीं हें काम धातूच्या पत्र्यावर होत असे. कारागीर पोलादी ठशांनीं स्वरचिन्हें पत्र्यावर उलटीं उमटवीत असे व रेघा हातानें कोरीत असे. प्रत्येक पत्र्याच्या तळाशीं प्रकाशकाचा एक क्रमांकहि कोरलेला असे. तो क्रमांक पत्रे ओळखूं यावे व नीट लावून ठेवतां यावे म्हणून घातलेला असे. पण पुढें त्याचा उपयोग निराळाच झाला. मुखपृष्ठ फाटून गेलेल्या जुन्या प्रतींचा प्रकाशक कोण व त्या साधारण कोणत्या सालच्या, हें संशोधक आज या तळच्या क्रमांकावरून ठरवितात.

अशी खूण नसली म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचें आहे. पियानो शिकणाऱ्या मुलांच्या बोटांखालून जी-मेजरमधील एक मिन्युएट हटकून जातो. योहान सेबास्टियन बाख याची पत्नी आना माग्दालेना हिच्या, १७२५ सालीं सुरू झालेल्या वहींत तो उतरलेला आहे. मात्र वर कर्त्याचें नांव नाहीं. वही बाखच्या घरची, तेव्हां मिन्युएटहि त्याचाच, असें पुढील पिढ्यांनीं धरलें आणि तसेंच छापलें. ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड हा त्याचा खरा कर्ता, हें १९७० नंतरच्या दशकांत उजेडांत आलें. पेट्झोल्ड १७३३ सालींच वारला होता. एक ओळ लिहावयाची राहिली, आणि ती भरून निघण्यास जवळजवळ अडीचशें वर्षें लागलीं.

आपल्याकडील बंदिशकारांनीं या अडचणींतून मोठी सुंदर वाट काढली होती. अठराव्या शतकांत दिल्लीदरबारीं असलेल्या नियामतखांनीं आपलें 'सदारंग' हें नांव बंदिशीच्या शब्दांतच ओविलें. कागद नसला तरी गाणाराच्या मुखांतून कर्त्याचें नांव निघतें. तें फाडून टाकतां येत नाहीं. पुढें पंडित भातखंडे यांनीं क्रमिक पुस्तकें छापलीं तेव्हां प्रत्येक चिजेच्या माथ्यावर राग व ताल दिले, आणि मुद्रा आंत शब्दांत होतीच. परंतु व्हायोलिन किंवा पियानो यांच्या रचनेंत शब्द नसतात. तेथें मुद्रेचें काम पानाच्या माथ्यानें आणि पायथ्यानेंच केलें पाहिजे.

आतां संगणकाकडे वळूं. हान-वेन नीनहाउस व यान निउवेनहाउझेन या दोघांनीं हॉलंडमध्यें १९९६ सालीं 'लिलीपाँड' नांवाची आज्ञावली सुरू केली. हातानें कोरलेल्या जुन्या पत्र्यांचें सौष्ठव संगणकांतून उतरावें हा तिचा हेतु. आणि ती कोणासहि विनामूल्य मिळते. तींत टिंबें चितारावयाचीं नसतात. सर्व कांहीं मजकुराच्या रूपानें लिहावयाचें असतें. या मजकुरांत 'हेडर' नांवाचा एक कंस असतो, आणि त्यांत टायटल, कंपोझर, पोएट, अरेंजर, इन्स्ट्रुमेंट, कॉपीराइट अशीं घरें असतात. घर भरलें कीं नांव परंपरेनें ठरलेल्या जागीं जाऊन बसतें. हक्काची ओळ पहिल्या पानाच्या तळाशीं येते. शेवटच्या पानाच्या तळाशीं आज्ञावली आपली स्वतःची ओळ घालते. तिला 'टॅगलाइन' म्हणतात. ती काढावयाची असल्यास त्या घरांत दोन हॅश व पुढें एफ हें अक्षर लिहावें, आणि बदलावयाची असल्यास आपला मजकूर घालावा.

येथवर सर्व सोपें आहे. परंतु दोन ठिकाणीं नांव मुकाट्यानें गळतें, आणि तीं दोन ठिकाणें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत.

पहिलें ठिकाण म्हणजे अनेकांच्या रचनांचा संग्रह. संपादक प्रत्येक रचनेच्या स्वतंत्र कंसांत तिच्या कर्त्याचें नांव मोठ्या निष्ठेनें भरतो. परंतु रचनेच्या पातळीवरील कंसांतून लिलीपाँड मुळांत दोनच घरें छापते. डावीकडे 'पीस', म्हणजे त्या तुकड्याचें नांव, आणि उजवीकडे 'ओपस'. संगीतकाराचें नांव मजकुरांत असतें, पण कागदावर येत नाहीं. आणि कोणतीहि चूक झाल्याची सूचना मिळत नाहीं. यावर उपाय एका ओळीचा आहे: 'पेपर' नांवाच्या कंसांत 'प्रिंट-ऑल-हेडर्स' ही अट चालू करावी, म्हणजे प्रत्येक रचनेवर सर्व घरें छापलीं जातात.

दुसरें ठिकाण दुसऱ्या पानापासून सुरू होतें. तेथें माथ्यावर पानाचा क्रमांक येतो आणि इन्स्ट्रुमेंट हें घर भरलें असल्यास वाद्याचें नांव येतें. कृतीचें नांव येत नाहीं. वाद्यवृंदांत एकाच वेळीं दहा कृतींचीं सुटीं पानें वादकांच्या हातीं असतात. 'दुसरें व्हायोलिन, पान ३' एवढ्यावरून तें पान कोणत्या कृतीचें, हें ओळखावें कसें? म्हणून 'पेपर'च्या कंसांत विषम व सम पानांचे माथे स्वतंत्रपणें सांगावे. त्यांत कृतीचें नांव पुन्हां टंकूं नये. 'फ्रॉम-प्रॉपर्टी' या आज्ञेनें तें वरच्या घरांतूनच मागवावें, म्हणजे नांव एका जागीं सुधारलें कीं सर्व पानांवर सुधारतें. पहिल्या पानावर मोठें शीर्षक असल्यामुळें तेथें हा माथा येऊं नये, अशी अटहि घालतां येते. पायथ्यालाहि हीच रीत लागू आहे.

'म्यूझस्कोर' ही दुसरी विनामूल्य आज्ञावली वापरणारांनीं एक भेद जाणून असावा. तिच्यांत पानावर दिसणारें शीर्षक आणि कृतीच्या माहितींत नोंदलेलें शीर्षक हीं निराळीं असतात. माथ्यावरचा मजकूर त्या माहितींतून येत असेल, तर पानावरील नांव बदलल्यावर माहितींतील नांवहि बदलावें लागतें. नाहींतर पहिल्या पानावर नवें व पुढील पानांवर जुनें नांव छापलें जातें.

शेवटीं 'अरेंजर' या घराविषयीं. संगीतकाराच्या खालीं, उजवीकडे, बारीक अक्षरांत याची जागा असते. आणि सर्वांत अधिक वेळां रिकामें राहतें तें हेंच. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतांत सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय कलावंतांनीं चालींना वाद्यवृंदाचा साज चढविला. चाल ज्याची त्याचें नांव पडद्यावर ठळकपणें येई. साज चढविणाऱ्याचें नांव पुष्कळदां येतच नसे. गोन्साल्विस यांचें नांव घरोघर पोंचलें तें त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या जोडीनें १९७७ सालच्या एका गाण्यांत तें गुंफल्यामुळें. आणि तेथेंहि तें एका विनोदी पात्राचें नांव म्हणून. आज जुन्या गीतांचे वाद्यमेळ कोणी ऐकून पुन्हां लिहून काढीत असेल, तर हें घर शोध करून भरणें त्याचें कर्तव्य आहे. त्यास दोन शब्द टंकण्याचा श्रम पडतो. त्या कलावंतास मात्र त्याचें सबंध काम परत मिळतें.

स्वरपत्र छापून झालें, म्हणजे एक परीक्षा अवश्य करावी. पहिलें पान बाजूस ठेवावें, मधलें कोणतेंहि एक पान उचलावें, आणि या कामाशीं संबंध नसलेल्या माणसाच्या हातीं देऊन विचारावें: हें कशांतलें, कोणाचें, आणि कितवें? तिन्ही उत्तरें त्याला पानावरच सांपडलीं, तर तें स्वरपत्र घराबाहेर जाऊं द्यावें.