काडी परदेशी, सुगंध देशी
(लाखनी येथील भाषणाचा संक्षेप)



रोजगार परदेशी गेला म्हटले की आपल्याला महानगरांतले कारखाने आठवतात. आपल्या देवघरातली उदबत्ती मात्र आठवत नाही. २०११ मध्ये आयात शुल्क ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले आणि व्हिएतनाम व चीनमधील माल बाजारात शिरला. २००९ मध्ये ३१ कोटी रुपयांची असलेली उदबत्तीच्या गोल बांबूकाडीची आयात २०१९ मध्ये ५४६ कोटींवर गेली. बांबू आपल्या वनांत, काडी मात्र समुद्रापलीकडची! माल स्वस्त झाला, हे खरे. परंतु काडी तासणारे आणि उदबत्ती वळणाऱ्या भगिनी यांची घरबसली मजुरी गेली. काम सुटल्याचे पत्र कोणालाच मिळाले नाही, म्हणून आक्रोशही ऐकू आला नाही.

२०१९ मध्ये शासनाने उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले. २०२० मध्ये बांबूकाडीवरील शुल्क २५ टक्के केले. पण शुल्क हे केवळ कुंपण आहे; आत पेरणी आपणच करायची. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला आहे. बांधावर लांब पेरांचा बांबू, गावात काडीयंत्र आणि ठरलेला ग्राहक ही साखळी जुळली, तरच गेलेले काम परतेल. तिचा शेवटचा दुवा आपण आहोत. उदबत्ती घेताना एवढेच विचारा : काडी कुठली?