वेदनाशमन, व्यसन आणि शंखातील विष



तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. जखम भरून आल्यावरही चेतातंतू मेंदूकडे वेदनेचे संदेश पाठवतच राहिले, तर ती वेदना लक्षण न राहता स्वतःच व्याधी ठरते. अशा वेदनेवर माणूस फार पूर्वीपासून अफूचा आधार घेत आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रीड्रिख सेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले, आणि 1898 मध्ये मॉर्फिनचेच एक रासायनिक रूपांतर खोकल्यावरचे औषध म्हणून, मॉर्फिनसारखी सवय लागणार नाही या समजुतीवर, बाजारात आले. त्या औषधाचे नाव हेरॉइन.

औषध निसर्गातून आले की कारखान्यातून, यापेक्षा ते शरीरात नेमके कोठे काम करते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. मॉर्फिन पेशींवरील ज्या प्रथिनांना, म्हणजे ग्राहकांना, चिकटते ती वेदनेच्या मार्गावर असतात, तशीच मेंदूतील सुखसंवेदनेच्या मंडलातही असतात. त्यामुळे आराम आणि ओढ यांची फारकत करणे कठीण जाते, आणि काही काळाने तीच मात्रा अपुरी पडू लागते.

ही वाट टाळणारे एक औषध समुद्रातून मिळाले. फिलिपिन्समधील जीवरसायनशास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा अमेरिकेत डीएनएवर संशोधन करून मायदेशी परतले, तेव्हा त्या कामाला लागणारी उपकरणे तेथे नव्हती. म्हणून त्यांनी लहानपणापासून परिचयाच्या असलेल्या, विषारी दंशाने मासे टिपणाऱ्या कोन जातीच्या शंखगोगलगायींकडे मोर्चा वळवला. पुढे युटा विद्यापीठात क्रेग क्लार्क या पदवीपूर्व विद्यार्थ्याने विषाचे घटक वेगवेगळे करून ते उंदरांच्या मेंदूत थेट टोचण्याची कल्पना मांडली. एका घटकाने उंदीर झोपी गेला, दुसऱ्याने थरथरू लागला, आणि या विषात चेतासंस्थेच्या निरनिराळ्या भागांवर नेम धरणारी अनेक प्रथिनखंडे आहेत, हे उघड झाले. नुकतेच शालेय शिक्षण संपवून आलेल्या मायकेल मॅकिंटॉश यांनी कोनस मॅगस या शंखातून जो घटक वेगळा केला, त्यातूनच झिकोनोटाइड हे औषध सिद्ध झाले आणि 2004 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

अवघ्या 25 अमिनो आम्लांची ही साखळी मेरुरज्जूतील चेतातंतूंच्या टोकाशी असलेले कॅल्शियमचे विशिष्ट मार्ग बंद करते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढच्या पेशीकडे जात नाही. अफूजन्य औषधांच्या ग्राहकांशी तिचा संबंध नसल्याने औषध एकाएकी थांबवले तरी त्या औषधांसारखा त्रास होत नाही. मात्र ते पंपाद्वारे थेट मेरुरज्जूभोवतालच्या द्रवात सोडावे लागते आणि त्याने संभ्रम किंवा भासही होऊ शकतात. व्यसन न लावणारे म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या परसातले आहे. तगरीच्या सालीत कोनोलिडीन हे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त वनस्पतिजन्य द्रव्य, अत्यल्प प्रमाणात आढळते. 2011 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ते प्रयोगशाळेत तयार केले, आणि उंदरांवरील प्रयोगांत त्याने अफूजन्य औषधांच्या नेहमीच्या ग्राहकांना न छेडता वेदना कमी केल्याचे दिसले. माणसाच्या वेदनेवर ते गुणकारी व सुरक्षित असल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. (म्हणून कोणीही आज घरी जाऊन तगरीचा काढा करू नये.)

नवी औषधे येईपर्यंत कर्करोगाच्या तीव्र वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला व्यसनाच्या धास्तीने मॉर्फिन नाकारणे हा अन्यायच होय. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी क्लार्क आणि मॅकिंटॉश यांचे तेव्हाचे वय ध्यानात घ्यावे, पदवीनंतर पाहू म्हणून थांबू नये, आणि वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील औषधी वनस्पतींची काटेकोर तपासणी याच वर्षी हाती घ्यावी, अशी विनंती आहे.